निवलेला घास

"मग नक्की किती, बाई? दोन का तीन?"

विसाजीनं बोरू उचलून धरला आणि वाट पाहिली. ओसरीवर बसलेली जैतून त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती धुक्याकडे पाहत होती.

पौषात खाडीवरचं धुकं दुपारपर्यंत उठत नसे. पलीकडचा मुलूख दिसत नसे, फक्त वल्ह्यांचा आवाज येई. कधी आवाजामागून होडी येई, कधी नुसताच आवाज. त्या मुलखात कत्तल चालली होती. जीव घेऊन पळालेली माणसं अलीकडे येत आणि दरबारात आसरा मागत. दरबार ज्यांना नाही म्हणे, त्यांना ना काम करायची मुभा, ना डोक्यावर छप्पर. ती मग टेकडीवर, करमशा बाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीत, येऊन बसत.

खालच्या कोळीवाड्यानं एक रीत पाडली होती. घरच्यांना वाढण्याआधी एक भाकरी तकियासाठी बाजूला काढायची. त्यावरच सगळं चाले.

विसाजी तिथं शिष्य होऊन आला होता. त्याआधी दरबारात कारकून, उडत्या पाखराची पिसं मोजणारा. खोटं बोलणारा एकही माणूस आपल्या हातून सुटला नाही, असं तो बाबांना दर आठ दिवसांनी सांगे. बाबा दर आठ दिवसांनी ऐकून घेत.

आता तो उठून बाबांपाशी गेला. बाबा केळीची पानं पुसत बसले होते.

"बाबा, ही बाई खोटं बोलते. दरबारात म्हणाली, लेकरं तीन. काल तुमच्यासमोर म्हणाली, दोन. आज पुन्हा तीन. आणि समोर बघावं तर दोनच पोरी. भाकऱ्या मोजक्या आहेत. दुपारच्या होडीनं हिला परत पाठवा."

"परत गेली तर?"

परत गेलेल्यांचं काय होतं, ते विसाजीला ठाऊक होतं.

"पण बाबा, खोट्याला थारा दिला, तर उद्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"तेही खरंच..." बाबा म्हणाले. "आधी जेवू दे त्यांना. तूच वाढ."

विसाजीनं तीन पानं मांडली. एक आईला, दोन पोरींना. भाकरी मात्र तिघींत एकच वाढली. कोळणीनं ती फडक्यात गुंडाळून आणली होती. फडकं सोडताच वाफ निघाली आणि धुक्यात कुठं गेली ते कळलंही नाही.

जैतूननं भाकरीचे तीन तुकडे केले. एक थोरलीच्या पानात, एक धाकटीच्या पानात. तिसरा तिनं तळहातावर घेतला आणि त्यावर फुंकर घालू लागली. हळूच... पुन्हा... पुन्हा. निवलाय का ते ओठाला लावून पाहिलं. मग तो आपल्या मांडीशेजारी, मोकळ्या जमिनीवर ठेवला. तिचं स्वतःचं पान रिकामंच राहिलं.

विसाजी हातात टोपली घेऊन तसाच उभा राहिला.

"हा... कुणाला?"

जैतूनला ऐकू आलं नसावं. थोरली पोर अगदी सहज म्हणाली, "जमालला. त्याला गरम चालत नाही."

"जमाल कुठाय?"

पोरीनं खाडीकडे बोट केलं आणि ती पुन्हा जेवू लागली.

तेव्हा विसाजीला आठवलं. मधल्या धारेत होडी कलंडली, हे जैतूननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानं ते लिहूनही घेतलं होतं, तिथीवारासकट, वळणदार अक्षरात. त्याला लाज वाटली. इतकी, की मान वर करवेना.

पण कारकुनाचा हात तो. कागदावरची मोकळी जागा त्याला अजून खुपत होती.

"बाबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "लिहू काय? दोन का तीन?"

धुक्यात कुठंतरी वल्हं वाजलं. जैतूननं मान वर केली, थोडा वेळ ऐकलं... आणि पुन्हा खाली घातली.

बाबांनी पुसलेलं एक पान विसाजीपुढं धरलं.

"पंगतीत एक पान कमी आहे, विसाजी."