आठ दिवसांत दहा वर्षं

"आठ दिवस देतो! तेवढ्यात माझ्या पोराला दहा वर्षं पुढचं बघायला शिकव! नाहीतर तुझ्या बापाचा पानमळा नांगरतो आणि तिथं घोड्यांची पागा बांधतो!"

करंजगडचा राजा रायाजीराव असा गरजला, आणि दरबारातली झाडून सगळी पागोटी खाली वाकली. समोर उभी होती ठकू, केरबा पानमळेवाल्याची पोर. वय चौदा, पाय चिखलाचे आणि जीभ विळ्यासारखी.

झालं होतं असं. पानमळ्यात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या, ही तिकडची रीत. खुद्द राजासुद्धा अनवाणी आत जायचा. पण त्याचा एकुलता एक पोरगा मानाजी, नऊ वर्षांचा टोणगा, घोड्यासकट आत घुसला. का? तर वाट जवळची पडते म्हणून! पानवेलींना आधार म्हणून लावलेली शेवरीची दोनशे रोपं तुडवली. केरबा डोक्याला हात लावून बांधावर बसला. ठकू तरातरा दरबारात गेली आणि म्हणाली, "महाराज, तुमच्या पोराला घोड्याच्या कानापुढचं काही दिसत नाही!"

आता हे काय राजाला सांगायचं? खरं होतं, म्हणून तर जास्तच झोंबलं. पोरासाठी तीन शास्त्री ठेवले होते. त्यांनी 'दूरदृष्टी' हा शब्द शंभर वेळा घोकून घेतला, आणि संध्याकाळी पोरानं तिघांच्या शेंड्या एकमेकींना बांधल्या.

"कबूल!" ठकू म्हणाली. नाही म्हणून चालतंय कुठं? मळा गेला तर बापाला दुसरं काही येत नव्हतं. साठीच्या माणसानं काय आता तमाशात नाचायचं?

दुसऱ्या दिवशी मानाजी मळ्यात आला.

"ए ठकू, शिकव लवकर. मला खेळायला जायचंय."

"शिकवतंय कोण? आधी सांगा, बाळराजे, मोठं झाल्यावर काय करणार?"

"राजा होणार! आधी शास्त्रीबुवांना हाकलणार. मग पलीकडची गढी जिंकणार!"

"एकटेच?"

"एकटा कशाला? पाचशे शिपाई घेऊन!"

"आणि शिपाई किती वयाचे?"

"वीस वर्षांचे. म्हातारे काय चाटायचेत?"

"दहा वर्षांनी ते वीस वर्षांचे असणार. मग आज किती वर्षांचे आहेत?"

मानाजीनं बोटं मोजली. दोनदा मोजली. "दहा."

"आणि आज आहेत कुठं?"

कुंपणापलीकडे गावची पोरं विटीदांडू खेळत होती. मानाजी तिकडं बघतच राहिला.

"त्यातल्या रंग्याला परवा तुम्ही चाबूक मारलात," ठकू म्हणाली. "दहा वर्षांनी त्याच्या हातात भाला असेल. आणि तुम्ही असाल त्याच्या पुढं, त्याच्याकडं पाठ करून!"

मानाजीनं झटकन स्वतःची पाठ चाचपली.

त्या दिवशी तो पोरांत खेळायला गेला, हरला, रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी रंग्याच त्याला बोलवायला आला.

सकाळी मात्र मळ्यात काम. "आधी वेलच लाव ना!" मानाजी कुरकुरला.

"लावते की! चढेल कशावर? तुमच्या डोक्यावर? आधी शेवरी लावायची, ती उंच झाली की तिच्या सावलीला वेल, आणि पान तोडायला त्यापुढं वर्ष."

पाचव्या दिवशी त्यानं मूळ बघायला एक रोप उपटलं. ठकूनं त्याचा कान धरला. राजाच्या पोराचा कान! पण त्यानं घरी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर मळ्यात येणं बंद, मळ्यात येणं बंद तर विटीदांडू बंद. एवढं पुढचं त्याला आता दिसायला लागलं होतं.

आठव्या दिवशी दरबार भरला. राजानं मिशीला पीळ दिला.

"बाळराजे, केरबाचा मळा तुम्हाला दिला. आजच मोडा आणि हवा तेवढा घोडा पळवा!"

ठकूनं मानाजीकडं बघितलं.

"नको," मानाजी म्हणाला.

"नको? का?"

"आबासाहेब, दहा वर्षांनी तुमचे दात पडतील."

राजाशेजारी बसलेल्या दिवाणजींनी कानांवर हात ठेवले.

"पान तर तुम्ही सोडणार नाही. कुटून मागाल. मळा आज मोडला तर तेव्हा पान आणायचं कुठनं? पुन्हा शेवरी लावा, मग वेल लावा, मग वाट बघा. तोवर तुम्ही आरडाओरडा करणार, आणि तो ऐकायला घरात मीच असणार!"

राजाला हसू फुटत होतं, पण हट्ट मोठा! "पढवलेला पोपट आहे हा! याला दहा वर्षं पुढचं दिसतंय की नाही, हे दहा वर्षं गेल्याशिवाय कळणारच नाही. ठकू, तू हरलीस!"

"दहा वर्षं गेल्याशिवाय कळणार नाही?" ठकूनं विचारलं.

"नाही म्हणजे नाही! हा माझा शब्द!"

"मग महाराज, मी हरले हे तुम्हाला आजच कसं कळलं?"

राजानं मिशीचा पीळ सोडला.

"थांबा की दहा वर्षं! तोवर निकाल नाही, आणि निकाल नाही तर नांगरही नाही. पानं मी रोज पाठवीन. वाट बघताना तोंड तरी चालू राहील!"

राजा असा हसला, असा हसला, की तोंडातला विडा दिवाणजींच्या पांढऱ्या अंगरख्यावर!

"हरलो, पोरी, हरलो! केरबाच्या मळ्याला वीस वर्षं सारा माफ! पाटाचं पहिलं पाणी त्याच्या मळ्याला! आणि तुला सोन्याच्या पाटल्या!"

मानाजी ठकूच्या कानाशी लागला, पण आवाज अख्ख्या दरबारानं ऐकला.

"आत्ताच लिहून शिक्का मारून घे! वीस वर्षांनी ते म्हणतील, मी कधी बोललो?"

राजा पुन्हा हसत सुटला आणि हसता हसताच त्यानं शिक्का मागवला.