सावलीची जागा

त्या प्रदेशात झाडं संपली होती. सावली पडायची ती ढगांचीच, आणि ढग कुठे थांबणार हे बगळे सांगायचे. माळावर सावलीची जागा हवी असेल त्यानं आपल्या पाणवठ्याचा हातभर काठ बगळ्यांच्या नावे करायचा, असा रिवाज होता. काठ आला की त्यातले बेडूकही आलेच.

केरोबा नावाच्या रेड्याचं आणि त्याच्या साळू म्हशीचं एक डबकं होतं. आत बसलं की मानेपर्यंत गारवा. पण शेजारचा रानडुक्कर तीन दिवस ढगाखाली लोळून आला आणि येताजाता तेच ऐकवू लागला. तेव्हापासून केरोबाला घरचा चिखल बोचायला लागला.

"अहो, आपल्याला काय कमी आहे?" साळूनं विचारलं.

"डुकराला जमतं, मला जमणार नाही होय?"

काठ देऊन त्यानं पूर्वेच्या माळावर जागा घेतली आणि धापा टाकत तिथे पोचला. ढग नुकताच उठून गेला होता.

"कळ काढा," बगळा म्हणाला.

केरोबानं सात दिवस कळ काढली. कानांची सालं निघाली. आठव्या दिवशी वैतागून त्यानं जागा एका सशाला देऊन टाकली. अर्धा उतार उतरला नाही तोच पाठीमागे गार वारा सुटला. ढग आला होता. सशानं वरून ओरडून त्याचे आभार मानले.

पुढच्या खेपेला त्यानं शपथच घेतली, काही झालं तरी उठायचं नाही. पश्चिमेच्या उतारावर ढग खरोखर आला, काळाभोर.

"मिळालं ना? चला आता घरी," सोबत आलेली साळू म्हणाली.

"थांब गं, अजून दाट होईल."

संध्याकाळपर्यंत ढग विरून गेला. शपथ मात्र शिल्लक होती, म्हणून केरोबा आणखी नऊ दिवस बसला.

मग दोघांनी शहाणपण केलं. तो एका टेकाडावर, ती दुसऱ्यावर. ढग मधल्या खळग्यात येऊन थांबला. तिथे कुणीच नव्हतं.

"नेमकं माझ्याच वाट्याला का?" केरोबानं खूर आपटला.

"तुमचा धीर कमी पडतो," बगळा शांतपणे म्हणाला. "ज्यांनी धरला, त्यांना विचारा."

केरोबा विचारायला निघाला. रानडुक्कर पलीकडच्या खडकावर भर उन्हात बसला होता. केरोबाला पाहताच त्यानं तोंड फिरवलं.

शेवटचा काठही देऊन झाला. अंगावरचा चिखल वाळायच्या आत साळू उठली आणि नवऱ्यामागून चालू लागली.

मोठ्या पठारावर म्हणे महाढग येणार होता. सगळा प्रदेश तिथे अंगाला अंग लावून उभा होता. गायी, घोडे, उंट, सगळे माना वर करून. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. केरोबाची पाठ तव्यासारखी तापली होती.

पोटाशी काहीतरी हललं म्हणून त्यानं वाकून पाहिलं. त्याच्या पोटाखाली बगळा उभा होता, एक पाय वर घेऊन. साळूच्या पोटाखाली दुसरा. प्रत्येक गायीखाली, घोड्याखाली, उंटाखाली एकेक, डोळे मिटून, गारव्याला.

"केरोबा, ऊन कललं," खालून आवाज आला. "जरा डावीकडे सरका."

केरोबा सरकला.