महाराजांच्या रस्त्याची पावडर

एका जंगलात एक तळं होतं. सगळी जनावरं त्याचंच पाणी प्यायची. वाघमहाराज मात्र टेकडीवरच्या राखीव झऱ्याचं प्यायचे.

एकदा तळ्यात गवा मरून पडला, पाणी नासलं आणि पाडसांना जुलाब लागले. ठिपकी हरिणीचं पाडस तर उभंही राहीना. ती आरोग्यमंत्री तरसांकडे गेली. आजारी जनावरांत तरसांना पहिल्यापासून फार रस, म्हणून हे खातं त्यांनी मागूनच घेतलं होतं.

"साहेब, ब्लीचिंग पावडरची पोती आलीत म्हणे. तळ्यात टाका ना."

"पोती केव्हाच कामाला लावली, बाई. महाराज स्वतः पाहणीला येताहेत!"

खरंच लावली होती. गुहेपासून सभेच्या माळापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्याशुभ्र रेघा.

"आणि तळं?"

"तळं महाराजांच्या रस्त्यात येत नाही."

ठिपकी रेघेतली थोडी पावडर पानावर ओढू लागली. पहाऱ्यावरचा रानकुत्रा गुरगुरला, "ए, मागे हो! सरकारी रेघ आहे. पुसलीस तर आत जाशील."

कुणाच्या आत, हे विचारायची सोय नव्हती.

महाराज आले. सगळा पहारा सभेला गेला. ती संधी साधून ठिपकीने पाडसाला ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत टेकडीवर नेलं. झऱ्याचं पाणी पाजलं, काठची खारी माती चाटवली. पुन्हा पाणी, पुन्हा माती. खालून भाषण ऐकू येत होतं.

"भावांनो आणि बहिणींनो! कुठे आहे रोगराई? मी अख्खा रस्ता पाहिला. एक जंतू दिसला नाही!"

ज्यांच्या अंगात त्राण होतं त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ठिपकीचं पाडस वाचलं. शेजारणींची गेली. त्यांची नोंद 'स्थलांतरित' अशी झाली.

ठिपकी पाडसाला घेऊन खाली उतरली, तर तरसांनी त्याच्या गळ्यात हार घालून त्याला रेघेशेजारी उभं केलं. "हा बघा आपल्या योजनेचा लाभार्थी!"

"साहेब, हा तर झऱ्याच्या पाण्याने आणि खाऱ्या मातीने..."

"कुठल्या झऱ्याच्या?" तरसांनी अगदी प्रेमाने विचारलं.

ठिपकीने पाडसाला पोटाशी ओढलं. शेजारणी तिच्याकडे बघत होत्या. तिने मान खाली घातली.

"रेघेनेच बरा झाला, साहेब."

पुढे निवडणूक लागली. विरोधी पक्षाच्या लांडग्याने सरकारवर कडाडून टीका केली आणि सत्ता आल्यास चार रेघा मारण्याचं वचन दिलं.