मुदत नसलेली बैठक

“पण भन्ते, तो स्वतःच जायला तयार झाला. यात माझं काय चुकलं?”

प्रसेनजित मेश्राम कोर्टातून थेट विहारात आला होता. मूळचा नागपूरचा, अमेरिकेत येऊन सरकारी वकील झालेला. परदेशी माणसांना देशाबाहेर काढण्याचे खटले तो सरकारच्या बाजूने चालवायचा. रविवारी मात्र या वृद्ध कंबोडियन भन्तेंकडे ध्यानाला बसायचा. घंटा होईपर्यंत आपण दगडासारखे बसतो, याचा त्याला मोठा अभिमान.

आज कोर्टात त्याच्यासमोर उभ्या असलेल्या, कोठडीतल्या रिथीने खटला लढणं सोडून दिलं होतं.

“रिथीने काय केलं होतं?” भन्तेंनी विचारलं.

“तरुणपणी एका दुकानात चोरी. मालकाला मारहाण.”

“त्याची शिक्षा?”

“भोगली की. पुरी भोगली. त्यालाही आता जमाना झाला.”

“मग आत का?”

“ही शिक्षा नाही, भन्ते. नुसतं ठेवलंय. असा जुना गुन्हा असला, की देशाबाहेर काढायचा खटला चालू असेपर्यंत परक्या माणसाला जामीन नाही. कायदाच तसा आहे.”

“आणि खटला कधी संपतो?”

प्रसेनजितने खांदे उडवले. “ते कोण सांगणार?”

भन्तेंनी समोरच्या आसनाकडे बोट दाखवलं.

“बस. मी उठ म्हणेपर्यंत.”

“किती वेळ?”

“ते कोण सांगणार?”

प्रसेनजित मनातल्या मनात हसला. बसणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. मांडी घालून त्याने डोळे मिटले.

सुरुवातीला बरं गेलं. मग कान घंटेकडे लागले. आज घंटा नव्हतीच. पायांना मुंग्या आल्या, गुडघा ठणकू लागला. एरवी हे सगळं तो सहज सोसायचा, कारण कधीतरी संपणार हे ठाऊक असायचं. आज जीव कासावीस झाला.

“भन्ते... अजून किती?”

...

“भन्ते?”

तो उठला.

भन्तेंनी डोळे उघडले. “मी उठवलं नाही,” ते म्हणाले. “तू स्वतःच उठलास.”

दुपारचा कोर्टातला रिथी प्रसेनजितच्या डोळ्यांपुढे आला. निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला, आईच्या कडेवर इथे आलेला. जिथे पाठवणार, तो कंबोडिया देश त्याने पाहिलेलाही नव्हता. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं होतं, नक्की ना? तेव्हा तो म्हणाला होता, “कुठेही पाठवा. फक्त इथून काढा.”

“आता काही करता येत नाही, भन्ते,” प्रसेनजित पुटपुटला. “त्याने अपिलाचा हक्कही सोडलाय... मला पंचशील द्या. मनाला जरा शांती हवी.”

भन्ते उठले. त्यांनी स्वयंपाकघराचा पडदा बाजूला केला. आत एक म्हातारी ताटात भात वाढत होती. पाहुणा दिसताच तिने हसून हात जोडले.

“रिथीची आई,” भन्ते हळूच म्हणाले. “मुलगा सुटावा म्हणून विहारात येईल त्याला जेवू घालते.”

प्रसेनजित मागे सरकला. “मला... मला भूक नाही, भन्ते.”

“जेव,” भन्ते म्हणाले. “तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.”