मसुराएवढं सील

“रिकामी हो म्हणालात, झाले. मग हे गळतं का, बुवा?”

ऋजुताने मॅगझिन ओट्यावर आदळलं. हातातला वड्यांचा डबा मात्र तिने हळूच टेकवला. तो आईने दिला होता.

उमरावगिरी बुवा मठाच्या ओट्यावर सुपातल्या वाळलेल्या लाल मिरच्यांची देठं काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय आहे ते?”

“बंदुकीचं मॅगझिन.”

“मठात बंदूक आणलीस?”

“खेळातली हो. एअरसॉफ्ट. यात गॅस भरायचा, त्याच्या जोरावर प्लॅस्टिकचे छर्रे उडतात. छर्रा लागला की हात वर करून ‘मेले’ म्हणायचं आणि मैदानाबाहेर व्हायचं.”

“कुणी सांगायचं, लागला म्हणून?”

“ज्याला लागला त्यानेच. सगळा खेळ इमानावर.”

“अवघड खेळ आहे,” बुवा म्हणाले आणि त्यांनी पुढची मिरची उचलली.

ऋजुता मठात पहिल्यांदा येत नव्हती. गेल्या वर्षी ती इथे धुमसत आली होती. क्लब तिने उभा केला, मैदान तिने पायपीट करून मिळवलं, आणि कप्तान होऊन बसला सुमेध. वर सगळ्यांदेखत म्हणाला, “तू आता चहापाण्याचं बघ.” ती तिथून तडक निघाली ती बुवांकडे आली. तेव्हा बुवा एवढंच म्हणाले होते, “रिकामी हो.”

पोरीने ते शब्दशः घेतलं. क्लब सोडला. पिस्तूल कपाटात टाकलं. टाकण्याआधी मॅगझिनमधला गॅससुद्धा शेवटच्या फुसकाऱ्यापर्यंत सोडून दिला. सांगितलेलं न ऐकणारा शिष्य गुरूला परवडतो, असा शब्दाला धरून बसणारा फार जड जातो.

“हा तळाशी गॅस भरायचा व्हॉल्व्ह,” ती सांगू लागली. “आत मसुराएवढं रबरी सील असतं. मॅगझिनमध्ये थोडा तरी गॅस ठेवावा लागतो. त्याच्या दाबाने सील जागेवर बसून राहतं. मी वर्षभर रिकामं ठेवलं. वाळलं, तडकलं. आता गॅस भरला की फुस्स.”

“मग दुसरं घालावं.”

“आणू कुठून? कंपनीने हे मॉडेलच बंद केलं. ऑनलाइन विचारलं, तर म्हणे अख्खा व्हॉल्व्ह परदेशातून मागवा. नळवाल्याकडचं सील जाड, सायकलवाल्याकडचं पातळ. बंदुका विकणाऱ्या एकाने तर सांगितलं, ताई, नवीनच घ्या. आला मोठा शहाणा!”

“घ्यायची होतीस.”

“का म्हणून? ही माझी आहे.”

बुवांचा हात मिरचीवर क्षणभर थांबला...

“मग?”

“मग काय! बाजारात स्टोव्ह आणि लायटर दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. त्याने जुन्या सीलांचा डबा माझ्यापुढे पालथा केला. म्हणाला, शोधा. अख्खी दुपार बोटं काळी करत बसले. जवळपास तसं एक सापडलं.”

तिने कागदाची पुडी उघडली. पिनेच्या टोकाने सील उचललं, सिलिकॉन तेलाचा थेंब लावला आणि व्हॉल्व्हमध्ये बसवलं. मग पिशवीतून गॅसचा डबा काढला.

“धुनीपासून लांब!” बुवा कडाडले.

ती अंगणाच्या पार टोकाला गेली. गॅस भरून परत आली आणि ओट्यापाशी ठेवलेल्या बादलीत तिने मॅगझिन बुडवलं. गळत असेल तर बुडबुडे येतात.

दोघंही वाकून पाण्याकडे बघत राहिली...

एकही बुडबुडा नाही.

“बसलं!” ऋजुता ओरडली. वर्षभरात ती इतकी खूश झाली नव्हती.

“छान. आता?”

“आता देऊन टाकायचं. सुमेधचा निरोप आलाय. रविवारी सामना आहे, त्यांना पिस्तूल कमी पडतंय. म्हणाला, दुरुस्त करून दे, तुला काय करायचंय त्याचं? खरंय. एवढी एकच गाठ उरली होती, तीही सुटेल. माझ्या मनात आता राग नाही, बुवा.”

हे सांगताना तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

तिने मॅगझिन पुसलं, उलटं धरलं, आणि गॅस सोडून द्यायला व्हॉल्व्हवर पिन टेकवली.

बुवांनी तिचं मनगट धरलं.

“हे काय?”

“रिकामं करते.”

“आत्ता तर भरलंस.”

“तुमचीच शिकवण आहे. आता शब्द फिरवू नका! वर्षभर राग आला की गिळला. रस्त्यात क्लबची पोरं दिसली की हसून बाजूला झाले. घरात सगळे म्हणाले, किती शांत झाली पोरगी. शांत कसली? रात्री दातांवर दात आवळून झोपते मी. तुमचं ऐकलं, आणि हे सील वाळून तडकलं. मग चूक कुणाची? माझी की तुमची?”

बुवांनी मनगट सोडलं नाही...

“त्या दिवशी तुला छर्रा लागला होता?”

“कुठल्या दिवशी?”

“क्लब सोडलास त्या दिवशी.”

“छर्ऱ्याचा काय संबंध? सुमेध नुसता बोलला.”

“आणि तू हात वर केलेस.”

ऋजुता बघतच राहिली. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. डोळे भरून आले, ते तिने मनगट सोडवून घेत त्यानेच रागारागाने पुसले.

“लागला नव्हता,” ती म्हणाली. “मला काहीसुद्धा लागलं नव्हतं!”

...

तिने पिन पुडीत खुपसली. “नाही देणार. पिस्तूल देणार नाही, मैदान देणार नाही. रविवारी मी उतरणार आहे. कप्तान कोण ते सामन्यानंतर सगळ्यांसमोर ठरू दे. अडवू दे त्याला अडवायचं तर!”

तिने मॅगझिन भरलेलं तसंच पिशवीत टाकलं. बुवांची परवानगी विचारली नाही. बुवांनी दिलीही नाही.

ते वड्यांचा डबा घेऊन आत गेले. वड्या काढून घेऊन, डबा धुऊन-पुसून बाहेर आले. कुणाचंही भांडं मठातून रिकामं परत जात नसे. धुतलेल्या डब्यात बुवा चिमूटभर साखर घालत आणि मगच झाकण लावत. गेल्या वर्षी ऋजुताच्या डब्यातही त्यांनी साखरच घातली होती.

आज त्यांनी सुपातल्या मूठभर मिरच्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं.

ऋजुता पायरीवर थबकली.

“साखर संपली का, बुवा?”

“भरपूर आहे.”

“मग मिरच्या?”

बुवा पुन्हा सुपाशी बसले. एका मिरचीचं देठ काढलं...

“गेल्या वर्षी साखर देऊन बघितली.”