वेलबाईंची स्वयंपाकीण

पाहुणे यायचे असले की तुम्ही आधी काय लपवता? कुंड्या बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. दिवाणखान्यातल्या मनीप्लांटच्या वेलीच्या खतमातीवर पांढरी बुरशी आली. शेजारची प्लॅस्टिकची फुलं म्हणाली, "आमच्याकडे बाई असलं काही होत नाही." पंधरा दिवसांनी पाहुणे यायचे होते. वेल लाजेनं चूर झाली.

बुरशी म्हणाली, "बाईसाहेब, मी खत कुजवते तेव्हा तुमचं जेवण होतं. पाणी जरा कमी प्या, म्हणजे मी आपोआप आत जाईन."

"स्वयंपाकिणीनं दिवाणखान्यात बसू नये," वेल म्हणाली. तिच्या हट्टापायी मालकीणबाईंनी सगळी माती काढून कुंडीत पांढरे खडे भरले.

पंधरा दिवसांनी आलेल्या पाहुण्यांनी खड्यांचं कौतुक केलं आणि मालकीणबाईंनी वेलीचं पिवळं पडलेलं पान हळूच खुडून टाकलं.