भातावर तूप पडेपर्यंत

एका नदीकाठच्या गावी एकदा एक शिष्य आपल्या म्हाताऱ्या गुरूंकडे आला, तो हातात फुलं-फळं घेऊन नव्हे, काखेत लॅपटॉप मारून. नाव त्याचं यदुनाथ. लहानपणी याच ओसरीवर मांडी घालून त्यानं शब्दरूपं घोकली होती. आता चाळिशी गाठली, कॉलेजात झाडापानांचं शास्त्र शिकवू लागला, तरी कुठे अडलं की पाय इकडेच वळायचे. गुरूंना सारं गाव शास्त्रीबुवा म्हणे, आणि त्यांच्या पत्नीला काकू.

त्या दिवशी यदुनाथाचा चेहरा असा होता, की चुकलेलं वासरू परवडलं.

"बुवा, मला काही कळेनासं झालंय," तो बसता बसता म्हणाला. "माझा तो ब्लॉग आहे ना, तो आज संध्याकाळी बंद करून टाकावा म्हणतो. त्याआधी तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला. तुम्ही म्हणालात तर ठेवीन, नाहीतर संपला विषय."

ब्लॉग म्हणजे तरी काय, तर संगणकातली आपली ओसरीच. आपण लिहून ठेवायचं. जगात कुठेही बसलेल्या माणसानं यावं, वाचावं, वाटलं तर खाली दोन ओळी लिहून जावं. यदुनाथ लिहायचा तो गावातल्या झाडांवर. देवळामागची बकुळ, घाटावरची चिंच, बाजारातला कडुनिंब. कुणी लावलं, त्याखाली काय काय घडलं, असं सगळं. सुरुवातीला मोजकी माणसं वाचत, आणि त्याचं त्याला समाधान होतं. मग त्यानं कुठेसं ऐकलं, की वाचक वाढवता येतात. झालं! तेव्हापासून त्याची झोप उडाली.

मेहुणा म्हणाला, थोडकं लिही, लोकांना वेळ नाही. बरोबरचे प्राध्यापक म्हणाले, विस्तारानं लिहा, थोडक्याला वजन नसतं. एका व्हिडिओतला माणूस म्हणाला, रोज लिहा; दुसऱ्यातला म्हणाला, रोज लिहाल तर मराल. यदुनाथानं सगळ्यांचं ऐकलं. एक दिवस थोडकं, एक दिवस विस्तारानं. दर पंधरवड्याला ब्लॉगचं रूपडं नवं. माणसं येत होती, आल्याचा आकडा फुगत होता. पण आलेलं माणूस दुसऱ्यांदा फिरकत नव्हतं. कारण मात्र सापडत नव्हतं.

बुवांनी चष्मा लावला. पडदा उजळला, आणि वरून पिवळी पानं गळायला लागली. अक्षरांवरून पानं, चित्रांवरून पानं. बुवा बोटानं ती बाजूला सारू लागले.

"ती जायची नाहीत, बुवा. शोभेची आहेत."

एवढ्यात मधोमध एक चौकट उगवली : आमच्या परिवारात सामील व्हा! बुवा दचकले.

"अरे, मी अजून एक अक्षर वाचलं नाही आणि हा नातं जोडतोय."

स्वयंपाकघरातून काकू हात पुसत आल्या आणि मागं उभं राहून वाचू लागल्या. "घाटावरच्या चिंचेचं हे रहस्य वाचून थक्क व्हाल," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अगं बाई! काय रे रहस्य, यदू?"

यदुनाथ चाचरला. "रहस्य असं काही नाही, काकू. चिंच आहे. मथळा तसा दिला की लोक येतात म्हणे."

"बरं, मग आंबा कुठे लिहिलायस? आमच्या दारचा?"

"तो 'स्मृतिगंध' विभागात असेल. थांबा... नाही, 'हरितस्पंदन'मध्ये. की 'मुळांशी संवाद'मध्ये टाकला मी?" तो शोधत राहिला. आलेल्या माणसांचा आकडा तेवढा कोपऱ्यात लखलखत होता.

"आंब्याला आंबा म्हणायला जीभ झडते का रे तुझी?" काकू म्हणाल्या आणि फोडणी करपेल म्हणून आत पळाल्या.

बुवांनी चष्मा काढून घडी केली. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "बारा वाजता जेवायला ये," एवढंच म्हणाले. "आज मी वाढणार आहे."

यदुनाथ आणखीच बुचकळ्यात पडला. विचारायला आलो ब्लॉगचं, आणि बुवा जेवणाचं काय काढतात? पण गुरूंची आज्ञा. बाराच्या ठोक्याला तो दारात हजर.

दारात बघतो तो काय! मोठी थोरली रांगोळी, झेंडूचं तोरण, आणि स्वतः शास्त्रीबुवा उपरणं सावरत अत्तरदाणी घेऊन उभे. त्यांनी यदुनाथाच्या मनगटाला अत्तर लावलं, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, हात धरून त्याला पाटावर नेऊन बसवलं. पुढ्यात केळीचं हिरवंगार पान. वर मधोमध मीठ पडलं. डावीकडे लिंबाची फोड, चटणी. यदुनाथाच्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून पोटात कपभर चहाच काय तो होता.

इतक्यात रस्त्यावर पावलं वाजली. बुवांनी चटणीची वाटी तशीच खाली ठेवली आणि दाराकडे धाव घेतली.

"या, या! आज आमच्याकडे जेवण आहे, यायलाच हवं!"

गावातला एक व्यापारी दुकान बंद करून घरी निघाला होता, त्याला बुवांनी आत ओढला. अत्तर झालं, गुलाबपाणी झालं, पाट झाला, पानावर मीठ झालं. लिंबाची फोड ठेवायला बुवा वाकले, तोच पुन्हा पावलं वाजली. पुन्हा धाव. या खेपेला पोस्टमन आला. मग तेलाचा डबा घेऊन निघालेले शेजारचे अप्पा आले. पंगत भरत चालली, आणि पानांवर मिठापलीकडे काही पडेना.

आता रीत अशी, की भातावर वरण आणि वरणावर तुपाची धार पडल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. तेव्हा सगळे आपले हात मांडीवर ठेवून बसलेले. वरण-भाताचा वास आतून येतोय, पातेली झाकलेलीच. यदुनाथानं एकदा मिठाकडे पाहिलं, एकदा लिंबाकडे. करायचं काय? उठावं तर भरल्या पानावरून उठणं अशुभ. आणि पान भरलंय म्हणावं, तर त्यावर आहे काय?

बुवा परत आले. यदुनाथाला वाटलं, सुटलो. तर बुवा त्याचं पान उचलून म्हणाले, "हे केळीचं पान काही उठून दिसत नाही. थांब, पत्रावळ आणतो." पत्रावळ आली. मीठ पुन्हा वाढलं, या वेळी उजवीकडे. थोडं लांबून त्यांनी मान तिरपी करून पाहिलं. "अंहं. ताटच बरं." ताट आलं. मीठ आता खालच्या काठाला गेलं. मग म्हणाले, "यदू, तू जरा खिडकीपाशी बस, दारातून येणाऱ्याला पंगत भरलेली दिसायला हवी." यदुनाथ पाट उचलून खिडकीपाशी गेला. आणि तिथे तो टेकतो न टेकतो, तोच बुवांनी वाकून त्याच्या कानाशी विचारलं, "कसं वाटलं जेवण? चार जणांना सांगशील ना आमच्याकडचं?"

"जेवण?" यदुनाथ बघतच राहिला. म्हातारपणी माणसाचं असं होतं, हे त्यानं ऐकलं होतं, पण आपल्या बुवांचं?

व्यापाऱ्याला काही राहवेना. तो उठला. "शास्त्रीबुवा, रागावू नका, अत्तरानं पोट भरत नाही हो! आमच्या घरी पिठलं आहे, पण ते पानात तरी पडतं." पोस्टमननं घड्याळ पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली. अप्पांनी तेलाचा डबा उचलला. बुवा त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिनात. ते उंबऱ्यात उभे राहून बाहेरच्या चपला मोजत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "वा, काय गर्दी आहे आज!" चपला एकेक करून कमी होत गेल्या, तरी बुवांचं लक्ष रस्त्यावरच.

"अहो!" आतून काकूंचा आवाज कडाडला. "पोरगं उपाशी बसलंय! कसलं हे तुमचं वाढणं? आयुष्यभर पंगती वाढल्यात आणि आज हे काय सोंग?"

यदुनाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुवा, मला भूक लागली आहे हो," तो लहान मुलासारखं बोलून गेला.

तेव्हा बुवा उंबऱ्यावरून मागं वळले. चेहऱ्यावरची लगबग पार उतरली. त्यांनी अत्तरदाणी कोनाड्यात ठेवली, नवं केळीचं पान मांडलं, मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि वाफाळत्या भाताची मूद ठेवली. वरण घातलं. काकूंनी तुपाची धार सोडली. पहिला घास पोटात जाईपर्यंत बुवा पानापासून हलले नाहीत. रस्त्यावरून माणसं जात होती, हाका मारून बोलत होती. बुवांची मान एकदाही तिकडे वळली नाही. भाजी संपत आली की मागायच्या आत भाजी पडे. कोशिंबीर तशीच राहिली, तर बुवांनी ती दुसऱ्यांदा आणली नाही.

ताक पिऊन झाल्यावर यदुनाथ म्हणाला, "समजलं, बुवा. मी नटवणं फार केलं. पानं गळायची बंद करतो."

"अर्धंच समजलं," बुवा म्हणाले. "रांगोळीत दोष नव्हता, अत्तरातही नव्हता. आलेल्याला दारात प्रसन्न वाटावं, हा गृहस्थाचा धर्मच आहे. पण मीठ मधोमध आणि चटणी डावीकडे, हे कशासाठी? शोभेसाठी? नव्हे. बोलण्याच्या नादात जेवणाऱ्यानं न बघता हात नेला, तरी हवं ते हवं तिथे सापडावं. मांडणी म्हणजे नटवणं नव्हे; मांडणी म्हणजे जेवणाऱ्याला विचारावं न लागणं. आणि वाढणाऱ्याची दृष्टी कुठे असावी? बसलेल्याच्या पानावर. माझी मघाशी होती दारावर. तू आलास, बसलास, मी तुला मोजलं, आणि त्या क्षणी माझ्या लेखी तू संपलास. संपलेल्या माणसानं पुन्हा यावं कशाला?"

यदुनाथानं उष्टं पान दुमडलं.

"आता एक सांग. तुझ्याकडे आले, त्यांनी पानात काय टाकलं? कशाला पुन्हा मागितलं?"

"आले किती, ते ठाऊक आहे."

"ते मी विचारलं नाही."

यदुनाथानं डोकं खाजवलं. "पण मग बुवा, थोडकं लिहू की विस्तारानं? रोज, की आठवड्यातून?"

"मला काय विचारतोस? मी जेवलोय का तुझ्याकडे? जे बसलेत त्यांना विचार."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. यदुनाथ नमस्कार करून निघाला. पोट भरलं होतं, डोकं मात्र होतं तसंच. 'बसलेत त्यांना विचार' म्हणजे कुणाला? बसलेलं आहेच कोण? सगळे तर उठून गेले!

घरी येऊन त्यानं लॅपटॉप उघडला. ब्लॉग बंद करायचा असेल तर तशी कळ असते. त्यानं ती दाबली. नक्की बंद करायचा का, असं यंत्रानं विचारलं. बोट तिथेच थबकलं. जाता जाता बघावं तरी, म्हणून त्यानं लोकांनी खाली लिहिलेली मतं उघडली. आजवर तो त्यांचा नुसता आकडा बघायचा, खूश व्हायचा आणि पुढे जायचा.

छान. सुंदर. नमस्कार. आणि मधूनच एकानं लिहिलेलं : "बकुळीवर तुम्ही लिहिलं होतं, आईला पुन्हा वाचून दाखवायचं होतं. आता सापडत नाही. कुठे ठेवलंत?" त्याला उत्तर नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं : "कडुनिंबाची गोष्ट अर्धी वाचत होतो, वर चौकट आली, ती मिटवता आली नाही." त्यालाही नाही. आणि जुन्या शाळेमागच्या भोकरावर त्यानं दिवाळीत लिहिलं होतं, त्याखाली एका बाईंची एकच ओळ : "आमच्या वेळी शाळेची घंटा याच झाडाला टांगलेली असे. आहे का हो अजून?" बाईंनी विचारलं होतं दिवाळीत, आता वैशाख चालला होता. माणूस पान पुढ्यात घेऊन सहा महिने बसलं होतं, आणि यदुनाथ दारात उभा.

घंटा आहे की नाही? भोकराच्या फळांवर, पानांवर, डिंकावर त्यानं भरभरून लिहिलं होतं; घंटेचं त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं यंत्राला 'नाही' म्हटलं, पायात चपला सरकवल्या आणि तो जुन्या शाळेकडे निघाला.

भोकराच्या झाडाला त्यानं तीन चकरा मारल्या. घंटा नव्हती. मग खालच्या फांदीच्या बेचक्यात त्याची बोटं कशालाशी अडखळली. लोखंडी साखळी होती. वाढता वाढता झाडानं ती आपल्या सालीत गिळून टाकली होती. दोन कड्या तेवढ्या बाहेर राहिल्या होत्या.

दिवेलागणीला यदुनाथ घरी आला. आधी त्यानं मध्येच उगवणारी ती चौकट काढली, 'स्मृतिगंध', 'हरितस्पंदन', 'मुळांशी संवाद' तिन्ही पुसून टाकले, झाडं त्यांच्या त्यांच्या नावानं अकारविल्हे लावली. पहिला आला आंबा, चारांमागून बकुळ. ज्याला आईला वाचून दाखवायचं होतं, त्याला बकुळीची जागा कळवली. मग बाईंच्या त्या ओळीखाली त्यानं लिहिलं : "घंटा नाही. साखळी आहे. झाडानं ती धरून ठेवली आहे. उशीर झाला, क्षमा असावी." ओळ पुरी झाली. तरी यदुनाथाला वाटलं, पानात अजून काहीतरी पडायचं राहिलं. क्षणभर विचार करून त्यानं खाली आणखी विचारलं :

"तुम्ही इथल्याच का? कुणाकडच्या?"